अंगठ्यावरची शाई

सकाळी पोलीस ठाण्याच्या मागच्या नळावर तोंड धुतलं, हात चोळले, तर डाव्या हाताचा अंगठा धुवायचा राहिला असं वाटलं. पुन्हा चोळला. नळाखाली बसवलेल्या चिऱ्यावर घासला. चिरा चांगल्या खाणीचा होता. मी चाळीस वर्षं जांभ्याच्या खाणीत चिरे काढले, त्यामुळे कुठेही गेलो तरी आधी दगडाकडे लक्ष जातं. कातडी लाल झाली पण शाई हलली नाही. अंगठ्याच्या रेषारेषांत ती बसली होती आणि नखाच्या कडेला काळसर झाली होती. मी आणखी घासतोय असं पाहून नितेश हवालदार म्हणाला, "आजोबानू, पुरे. सालटा निघात, पण शाय जावची नाय. आमच्या खात्याची शाय ती." तो हसला. मीही थोडा हसलो.

आता दहा वाजून गेले आहेत. मी कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसलो आहे आणि नितेश माझ्या शेजारी आहे. बेडी घातलेली नाही. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला ती घालायची त्यालाच लाज वाटली असावी. माझ्यावर दोन गुन्हे आहेत. एक, दारू पिऊन स्कूटर चालवण्याचा. दुसरा, परवाना नसताना भरलेली बंदूक बाळगण्याचा. हे मला काल तीनदा वाचून दाखवलं. तिन्ही वेळा मी मान हलवली, आणि वाचणाऱ्याच्या खांद्यावरून कागदाकडे बघत राहिलो. तो एक ओळ गाळत होता ते मला दिसत होतं. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. सांगून काय झालं असतं?

रसिका वकील माझ्यासमोर उभी राहिली. वय असेल तीसेक. काळा कोट उन्हानं तापलेला, हातात कागद. पुतण्यानं, देवेशनं, तिला आणलं होतं. तोंडवलीला त्याचं पर्यटकांसाठी घर आहे, तिथल्या कामामुळे त्याची तिची ओळख. ती वाकून हळू बोलली. "आजोबा, नीट ऐका. दारूचं दंडावर जाईल. त्याची काळजी नाही. बंदुकीचं तसं नाही. त्यात शिक्षा मोठी आहे, दोन वर्षांच्या खाली सहसा येत नाही. पण एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. पंचनाम्यावर तुमचा अंगठा आहे, सही नाही. म्हणजे तुम्ही निरक्षर आहात हे पोलिसांनीच लिहून दिल्यासारखं झालं. परवाना भावाच्या नावाचा. भाऊ गेला, मुदत संपली, हे तुम्हाला वाचता येत नसल्यामुळे कळलंच नाही. घरात वडिलांपासून बंदूक आहे, ती चालतेच, असं तुम्ही समजलात. मी अर्जात तसंच लिहिलंय. खाली अंगठा लावायचा. आत साहेबांनी काही विचारलं तर म्हणायचं, मला लिहिता-वाचता येत नाही. एवढंच."

"एवढाच," देवेश म्हणाला. "काकानू, पुढे काय एक बोलू नुको. कालच्यासारखी गजाल नुको." मग तो वकिलीणबाईंकडे वळला. "आमच्या काकांनी साहेबांच्या तोंडावर सांगितल्यानी, भरलेली आसा म्हणान."

तिला दुसऱ्या केसचा पुकारा आला. अर्ज आणि शाईचं पॅड देवेशच्या हाती देऊन ती गेली.

भरलेली आसा, हे मी म्हणालो होतो हे खरं आहे. पण कसं म्हणालो ते पंचनाम्यात नाही. पुलाजवळ निवडणुकीची नाकाबंदी होती. मी स्कूटर थांबवली. पायाजवळ गोणपाटात गुंडाळलेली बंदूक साहेबानं उचलली. तरुण माणूस, घाटावरचा. ठासणीची बंदूक त्यानं कधी पाहिली नसावी. घोडा बघितला, लाकूड बघितलं, आणि नळी तोंडासमोर धरून एक डोळा मिटून आत बघायला लागला. आत बार ठासलेला होता, पेटता पेटता राहिलेला. असा बार कधी जागा होईल सांगता येत नाही. मी ओरडलो, "साहेब, तोंड काडा! भरलेली आसा!" साहेब दोन पावलं मागे उडाला, दोन शिपायांनी माझे हात धरले, आणि तेवढ्यात एकाला माझ्या तोंडाचा वास आला. मला दिसतंय ते अजून. त्याचा मिटलेला डोळा, नळीचं काळं तोंड, आणि पुलाखालून खाडीचं पाणी शांतपणे मसुऱ्याकडे सरकत होतं.

वास आला, कारण मी प्यालो होतो. काल गावची राखण होती. वर्षातून एकदा पौषात आमच्या गावच्या शिमेवर, म्हणजे हद्दीवर, किंजळाच्या झाडाखाली राखणदाराचा वाटा ठेवतात. कोंबडा, रोट, विडी, आणि नारळाच्या करवंटीत सोरो. गावचा गणपत देवाला गाऱ्हाणं घालतो, सगळे व्हय म्हाराजा म्हणतात, आणि मग आमच्या घराण्याच्या माणसानं खाडीच्या दिशेनं एक बार काढायचा. बार ऐकला म्हणजे वाटा पोचला, असं मानतात. बार काढणाऱ्यानं आधी त्या करवंटीतला घोट घ्यायचा. मी अठ्ठावीस वर्षं दारूला शिवलेलो नाही. खाणीतली माणसं प्यायची, मी एकदा सोडली ती सोडली. पण तो घोट मी कधी दारूत धरला नाही. तीर्थाला कोण दारू म्हणतं? काल ठाण्यात मशीनची नळी तोंडात धरून फुंकायला लावलं तेव्हाही मी हेच सांगत होतो. "साहेब, ती देवाची." शिपाई म्हणाला, "मग मशीनाक सांग." मशीनवर आकडा उमटला. तो मी वाचला. एका घोटाचा नव्हता तो.

पहिला देवाचा. दुसरा गणपतनं ओतला, नको म्हणताना. तिसरा मी मागितला. हा तिसरा माझा आहे आणि तो कोणा देवाच्या अंगावर टाकता येत नाही. झालं असं की, मी बंदूक खाडीकडे धरली, घोडा ओढला, घोडा पडला, वरची टिकली, म्हणजे केप, फुटली, फट् एवढाच आवाज झाला. आतला बार पेटलाच नाही. पाणथळातले बगळेसुद्धा उडाले नाहीत. दुसरी केप लावली. पुन्हा फट्. पन्नास-साठ माणसं उन्हात उभी. मग गणपत बोलला, हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "गुरुदासाच्या हातात असा कधी जावक नाय हां लवू. त्येचो हात येगळो." गुरुदास माझा थोरला भाऊ. तो शाळेत गेला, मी गुरांमागे. त्याचा हात वेगळा हे मी सहाव्या वर्षापासून ऐकतो आहे. तेव्हा मी करवंटी पुढे केली आणि म्हणालो, ओत. घसा जळला. घरी बाराची कोरडी पूड होती, भोक मोकळं करायची सुई होती, केपांची नवी डबी होती. चालत गेलो असतो तर पाऊण तास लागला असता. रस्ता रुंद झाल्यापासून जुनी पायवाट तुटली आहे. स्कूटर होती. वाटा उघड्यावर होता, कावळे झाडावर येऊन बसले होते, आणि बार निघाला नव्हता. मी बंदूक गोणपाटात गुंडाळली आणि निघालो. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे लवू, भरलेली घेवन जातंस?" ते माझ्या कानांवर पडलं होतं.

देवेशनं पॅड उघडलं. निळी ओली गादी. "काकानू, हात हाडा."

"थांब रे," मी म्हणालो. "कागद बघूंदे."

"बघून काय करतलास? चित्रां आसत तेत?"

नितेश फस्सकन हसला. देवेश वाईट पोरगा नाही. तो मुंबईत वाढला, बाप गेल्यावर गावात आला. त्याला माहीत असलेला काका अंगठेबहाद्दर आहे आणि तो तसंच समजणार. सगळा गाव तसंच समजतो. बँकेत माझा अंगठा, सोसायटीत अंगठा, रेशनच्या मशीनला तर शिकलेल्याचाही अंगठाच लागतो. मी अर्ज गुडघ्यावर ठेवला आणि खाली बघत बसलो, म्हातारा माणूस डुलकी काढतो तसा. आणि वाचला. सावकाश. अर्जदार हा अशिक्षित, निरक्षर असून त्यास अक्षरओळख नाही. एवढी ओळ वाचायला मला जितका वेळ लागला तितक्यात बाहेर एक रिक्षा येऊन, माणसं उतरवून, वळून गेली. अक्षरओळख नाही. ती ओळ मी परत वाचली. छापील अक्षर चांगलं होतं, ठसठशीत. विमलाला आवडलं असतं.

विमला माझी बायको. जामसंड्याची, सातवी शिकलेली. माझी पाठ गेली आणि खाण सुटली तेव्हा मी बासष्ट वर्षांचा होतो. दिवसभर काजूत बसून माकडं हाकायची, दुसरं काम नाही. एका दुपारी ती बिया वाळत घालत होती. मी बसल्या बसल्या एक चिरा तासत होतो, सवयीनं. ती कोळसा घेऊन आली आणि तासलेल्या अंगावर तिनं एक अक्षर काढलं. म्हणाली, "ह्या तुमचा. लवूतला ल." मी बघत राहिलो. चाळीस वर्षं दगड हाताळले, पण दगडावर माझं काही असू शकतं हे ठाऊक नव्हतं. तिनं ओल्या हातानं ते पुसलं आणि कोळसा माझ्या हातात दिला. मग रोज. मार्च, एप्रिल, मे. ती फार कडक होती. "चिरो वळंब्यात सरळ कापतास, मगे अक्षर वाकडा कित्याक काढतास?" घाडीगावकर हे आडनाव लिहायला मला सबंध मे महिना लागला. आंब्याला माणसं यायची, तेव्हा मी चिरा उलटा करून ठेवायचो. तिला सांगितलं होतं, कोणाक सांगा नुको. ह्या वयात हसतील. ती म्हणाली, "मगे शिकतास कित्याक?" मी कोळसा पुन्हा हातात घेतला. तिनं पुन्हा विचारलं नाही आणि कोणाला सांगितलंही नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून मला वाचता येतं हे माहीत असलेलं माणूस या जगात नाही. मीच एक.

मी अक्षरं शिकलो त्याच वर्षीच्या पावसात ती आठ दिवस माहेरी गेली होती, भावाचं आजारपण होतं. घरात मी एकटा. वाचायला काहीतरी हवं होतं, माझं माझं, तिनं न दाखवलेलं. ट्रंकेत बंदुकीचं लायसनचं पुस्तक होतं. दर वेळी गुरुदास ते घेऊन ओरोसला कलेक्टर कचेरीत जायचा, शिक्का मारून आणायचा. आम्ही ते पुस्तक कधी उघडलं नव्हतं, देवाच्या कपाटासारखं बंद असायचं. मी दिव्याखाली घेऊन बसलो. नाव वाचलं, गुरुदास विठोबा. माझं नाव कुठे आहे ते शोधलं. नव्हतं. मुदत वाचली. गुरुदास गेला त्याच्या पुढच्या वर्षी ती संपत होती आणि संपून दोन वर्षं झाली होती. आणि खाली एक लांबलचक शब्द. अहस्तांतरणीय. तो मला फुटेना. तीन दिवस मी त्याच्याभोवती फिरलो. विमला आल्यावर छत्री ठेवायच्या आधीच तिला विचारलं. ती म्हणाली, "म्हणजे एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जावक नाय होया, असा." मग तिनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं, वाचलं, आणि चेहरा बदलला. "उद्याच्या उद्या ओरोसाक जावा. बंदूक जमा करा." मी म्हणालो, ह्या वर्षीची राखण होवंदे. पुढच्या वर्षीही तेच म्हणालो. ती मरायच्या आदल्या महिन्यातही तेच म्हणालो. निवडणुका आल्या की दवंडी यायची, हत्यारं जमा करा. मी करायचो नाही. कारण जमा केली तर परत मिळणार नव्हती, मग मान दुसऱ्या घरी गेला असता, आणि मग मी कोण? गुरुदासाचा भाऊ, खाणीतला लवू. वर्षातून एक दिवस माझ्या हाताकडे गाव बघायचा. नळीच्या वासासाठी, खांद्याला बसणाऱ्या धक्क्यासाठी, बगळे एकदम उठायचे त्यासाठी मी ते पुस्तक पुन्हा ट्रंकेत ठेवलं. वाचून ठेवलं.

आणि आता ते वाचलंच नाही म्हणायचं. सोपं आहे. नऊ वर्षं तर मी हेच करतो आहे.

कालही मी तसं ठरवलं नव्हतं. शिपायानं विचारलं, "सही येता?" आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी हे विचारत होतं. मी म्हणालो, "येता." त्यानं पेन दिलं. बोटांत ते कोळशापेक्षा बारीक, निसटतं. मी ल काढायला घेतला. रेघ घसरत कागदाच्या कडेपर्यंत गेली. "बघा," तो बाकीच्यांना म्हणाला, "उबो रवाक येणा नाय, आणि म्हणे सही येता." माझ्या हातातलं पेन त्यानं काढून घेतलं, डावा हात धरला, अंगठा गादीवर दाबला आणि कागदावर दाबला. त्याला घाई होती. त्याचा हात गरम होता. मी हात ढिला सोडला. मला त्या क्षणी फार बरं वाटलं, हे सांगायला लाज वाटते. ओळखीच्या घरात परत आल्यासारखं वाटलं.

"घाडीगावकर लवू विठोबा!"

पुकारा झाला तसा देवेश उठला. "काकानू, बेगीन!" त्यानं माझा अंगठा धरून गादीवर दाबला. मी दाबू दिला. खरं सांगायचं तर मीच जरा जोर दिला. कागद त्याच्या दुसऱ्या हातात होता, तो पुढे करणार तेवढ्यात नितेशनं मला दंडाला धरून उठवलं. "आत आत, साहेब वाट बघूचे नाय." देवेश मागून कुजबुजला, "आत टेबलार लावा. ओलो आसा, खंय पुसा नुको." मी डावा हात अंगापासून लांब धरून आत गेलो. पंखा जोरात फिरत होता. सदऱ्याला लागू नये म्हणून मी अंगठा वर करून उभा राहिलो. लोकांना वाटलं असेल म्हातारा काहीतरी खूण करतो आहे.

न्यायाधीश बाई होत्या. चष्मा, पांढरी साडी, काळा कोट. त्या कागद चाळत होत्या. रसिकाबाईंनी देवेशकडून अर्ज घेऊन टेबलावर ठेवला आणि त्या बोलायला लागल्या. वृद्ध, निरक्षर, धार्मिक प्रथा, हेतू नाही. शब्द नीट येत होते, एकाला एक जोडलेले, बांधकामासारखे. एकही चिरा माझ्या खाणीतला नव्हता. मध्येच न्यायाधीशबाईंनी हात वर केला आणि थेट माझ्याकडे बघितलं.

"पोलिसांविरुद्ध काही तक्रार?"

हा प्रश्न सगळ्यांना विचारतात. माझ्या आधीच्या तिघांना विचारला होता आणि तिघेही नाही म्हणाले होते. नितेश दाराकडे बघत होता. रसिकाबाईंनी पुढचं पान उलटलं होतं. मलाही नाही म्हणायचं होतं, शब्द तोंडापर्यंत आला होता. अंगठ्यावर वारा लागत होता, शाई गार होत चालली होती. मगे शिकतास कित्याक? काजूच्या पाचोळ्यात उभी राहून, कमरेवर हात ठेवून.

"आहे," मी म्हणालो.

नितेश गर्रकन वळला. बाईंनी पेन उचललं. "मारहाण केली?"

"नाही. चहासुद्धा दिला." मी कोर्टातलं मराठी बोलायचा प्रयत्न करत होतो. "त्यांनी माझा अंगठा घेतला. मला सही येते."

मागे देवेशच्या तोंडून "आवशीक" एवढी अर्धीच शिवी निघाली. रसिकाबाई जवळ आल्या. "आजोबा, काय बोलताय? कळतंय का, काय बोलताय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. माझ्यासाठीच होती, आणि त्याचं मला वाईट वाटलं.

बाईंनी पंचनामा जवळ ओढला. बघितला. चष्मा वर केला. "अंगठ्याच्या शेजारी ही रेघ कसली?"

"तो ल आहे. अर्धा राहिला."

कोणीतरी हसलं आणि थांबलं. बाई हसल्या नाहीत. "अर्जात लिहिलंय तुम्ही निरक्षर आहात."

"वाचलं मी."

"अर्ज वाचलात?"

"हो. बाहेर बाकावर."

"म्हणजे बंदुकीचा परवानाही तुम्ही वाचला होता?"

आता इथे थांबता आलं असतं. नाव लिहिता येतं, बाकी फारसं येत नाही, असंही म्हणता आलं असतं. रसिकाबाईंनी तेच सुचवण्यासाठी तोंड उघडलंही होतं. पंख्याचा आवाज फार मोठा वाटत होता.

"वाचला होता," मी म्हणालो. "नऊ वर्षं झाली. मुदत संपलेली माहीत होती. भावाची होती ती, माझ्या हातात यायला नको होती. बायको सांगत होती जमा करा. मी केली नाही. आणि काल मी तीन वेळा घेतली, मॅडम. देवाची एकच होती."

बाई बराच वेळ लिहीत राहिल्या. लेखनिकानं मशीन थांबवून माझ्याकडे एकदा बघितलं. मग बाईंनी तो अर्ज बाजूला सारला, एक कोरा कागद काढला, आणि म्हणाल्या, "आता जे सांगितलंत त्याखाली सही करावी लागेल. हे लिहून घेतायत. कराल?"

"करतंय," मी म्हणालो.

दोन-तीन ओळी उमटून कागद माझ्यापुढे आला. मी वाचला, सगळा. कोणी घाई केली नाही. रसिकाबाईंनी आपल्या पिशवीतलं पेन काढून माझ्या उजव्या हातात दिलं आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या. आज पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं, तरी पेन कालच्यासारखंच निसटत होतं. पंख्यानं कागद सरकत होता. धरायला डावा हात पुढे केला आणि अंगठा दिसला, ओला, निळा. मी तो मुठीत घेतला, वर चारी बोटं आवळली, मुठीनं कागद दाबून धरला, आणि ल काढायला घेतला.